एरिक साती

एरिक साती (१७ मे, इ.स. १८६६, ऑंफ्लर – १ जुलै, इ.स. १९२५, पॅरिस) हे फ्रेंच संगीतकार व पियानोवादक होते. मोजके स्वर, संथ लय आणि पुनरावृत्ती ही त्यांच्या संगीताची वैशिष्ट्ये होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या मिनिमलिस्ट, म्हणजे अल्पतम साधनांनी रचलेल्या, संगीताचे ते पूर्वसूरी मानले जातात.

जीवन

साती सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. इ.स. १८७९ मध्ये ते पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. मात्र शिक्षकांनी त्यांना आळशी ठरवले आणि इ.स. १८८२ मध्ये त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. इ.स. १८८८ मध्ये त्यांनी 'जिम्नोपेदी' या तीन पियानोरचना केल्या. उदरनिर्वाहासाठी ते मोंमार्त्र भागातील कॅबरेंत पियानो वाजवीत. इ.स. १८९८ पासून अखेरपर्यंत ते आर्कय या उपनगरात एका खोलीत एकटे राहिले. वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांनी 'स्कोला कान्तोरुम' या संस्थेत पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला व इ.स. १९०८ मध्ये पदविका मिळवली.

नृत्यासाठी संगीत

सर्गेई द्यागिलेव यांच्या रशियन बॅले मंडळीसाठी सातींनी 'पाराद' (इ.स. १९१७) या बॅलेचे संगीत रचले. त्याची नृत्यरचना लेओनिद मासीन यांची, तर नेपथ्य व वेशभूषा पाब्लो पिकासो यांची होती. वाद्यवृंदात टंकलेखन यंत्र, भोंगा व पिस्तुलाचे बार यांचा समावेश असल्याने पहिल्या प्रयोगात गदारोळ झाला. प्रतिकूल परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकास अपमानकारक पत्रे पाठवल्याबद्दल सातींना कैदेची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे स्थगित झाली. 'रलाश' (इ.स. १९२४) या बॅलेच्या मध्यंतरात दाखवलेल्या चित्रपटासाठी त्यांनी लहान स्वरखंडांच्या आवर्तनांतून संगीत उभे केले.

प्रभाव

सातींची 'व्हेक्सास्यों' ही छोटी रचना ८४० वेळा वाजवण्याची सूचना तिच्या हस्तलिखितावर आढळते. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी इ.स. १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे अनेक पियानोवादकांकरवी ती सलग १८ तासांहून अधिक काळ सादर केली. फ्रेडरिक ॲश्टन यांनी 'जिम्नोपेदी'वर इ.स. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी 'मोनोटोन्स' हे नृत्य बसवले. मर्स कनिंगहॅम यांनी सातींच्या 'सोक्रात' या रचनेवर नृत्य बसवले होते. परंतु तिच्या रूपांतरास प्रकाशकाने परवानगी नाकारली. तेव्हा केज यांनी मूळची लय कायम ठेवून स्वर बदलले व नवी रचना सिद्ध केली. तिच्या साथीने ते नृत्य 'सेकंड हँड' या नावाने इ.स. १९७० मध्ये रंगमंचावर आले.