जगदीशचंद्र बोस : बिनतारी लहरी आणि पाठशाळेतली तीन मुलं

रत्नागिरी शहरातून पावसकडे निघालं की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडताच भाट्ये लागतं. लांब सरळ किनारा, सुरूचं बन, जवळच नारळ संशोधन केंद्र. किनाऱ्यावर फिरणाऱ्या बहुतेक तरुणांच्या खिशात मोबाईल असतो आणि खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींवर वायरलेसची उंच काठी दिसते. तिला अँटेना म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती नेमकं काय करते, हे मात्र थोड्यांनाच. सभेचा निरोप, जयंतीचं थेट प्रक्षेपण, अन्यायाची बातमी असं चळवळीचं कितीतरी काम आज याच न दिसणाऱ्या लहरींवर चालतं. त्या लहरी हाताळणारा पहिला मोठा भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे जगदीशचंद्र बोस. त्यांचं आयुष्य आपण मुद्दाम वाचायला हवं.

एका रांगेत बसलेली मुलं

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र ब्राह्मो समाजाचे आणि सरकारी अधिकारी. त्या काळी साहेबी नोकरीतले लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालत. भगवानचंद्रांनी मुलाला गावच्या बंगाली पाठशाळेत बसवलं. तिथे जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुस्लीम शिपायाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. पाणपक्षी, मासे, जनावरं यांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. मुलं घरी आली की आई सगळ्यांना सारखंच खाऊ घाली. निसर्गाविषयीचं आपलं कुतूहल तिथेच जागं झालं, असं बोस पुढे आवर्जून सांगत.

जगदीशचंद्र कोलकात्याच्या सेंट झेवियर्समधून केंब्रिजला गेले. कोळ्याच्या मुलाला त्या काळी ती वाट किती खुली होती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कमी पगार, तीन वर्षांचा नकार

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. काम गोऱ्या प्राध्यापकांइतकंच, पगार मात्र भारतीय म्हणून कमी. बोस यांनी पगार घेणंच नाकारलं. घरावर कर्ज असताना तीन वर्षं ते बिनपगारी शिकवत राहिले. शेवटी सरकारने मागच्या थकबाकीसह पूर्ण पगार दिला.

प्रयोगशाळा नव्हतीच. जेमतेम २४ चौरस फुटांच्या खोलीत, एका देशी टिनकाम करणाऱ्या कारागिराच्या मदतीने त्यांनी स्वतःची उपकरणं घडवली.

लहर म्हणजे काय?

तारेतला विजेचा प्रवाह वेगाने मागेपुढे होऊ लागला की तारेतून लहरी सुटतात. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्याच वेगाने त्या पसरतात. दुसऱ्या तारेवर पोहोचल्या की तिच्यात तसाच, पण अगदी क्षीण प्रवाह जागा होतो. प्रवाहाची लहर करणारी आणि लहरीचा पुन्हा प्रवाह करणारी ही तार म्हणजेच अँटेना.

सेकंदाला किती हेलकावे, ती वारंवारता. तिचं एकक हर्ट्झ. लहरीच्या दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते. साधी अँटेना बहुधा तरंगलांबीच्या निम्मी किंवा पाव असते. बोटीवरच्या वायरलेसची वारंवारता सुमारे १५६ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी सुमारे १.९ मीटर, म्हणून काठी मीटरभर लांब. वायफायची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर. म्हणून त्याची अँटेना मोबाईलच्या आत मावते.

मॅक्सवेल यांनी या लहरींचं गणित मांडलं होतं आणि १८८० च्या दशकात हर्ट्झ यांनी त्या प्रयोगात दाखवल्या. बोस यांनी त्यापेक्षा कितीतरी आखूड, अवघ्या ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे काम मांडलं.

भोंगा आणि रेल्वेचं वेळापत्रक

लहरी गोळा करायला त्यांनी नरसाळ्यासारखा धातूचा भोंगा वापरला. मिरवणुकीतला भोंगा आवाज जसा एका दिशेला फेकतो, तसंच हे. अँटेना नवी ताकद निर्माण करत नाही. आहे ती ताकद हव्या दिशेला एकवटते. यालाच गेन म्हणतात. लहर पोकळ नळीतून नेण्याची युक्तीही त्यांनी वापरली, ती वेव्हगाइड.

लहर उभी डोलते की आडवी, याला ध्रुवीकरण म्हणतात. पाठवणारी आणि घेणारी अँटेना एकाच तऱ्हेने धरली नाही, तर संदेश दुबळा होतो. हे तपासायला बोस यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये धातूचे पातळ वर्ख घातले, पीळ दिलेला ताग वापरला. महागडी सामग्री नाही म्हणून विज्ञान अडलं नाही.

मार्कोनीचं काय?

मार्कोनीने बोस यांचा शोध चोरला, असं सरसकट बोललं जातं. आपण भावनेपेक्षा पुराव्याला धरून राहावं. बोस आखूड लहरींचे गुणधर्म तपासत होते. मार्कोनी लांब लहरींनी दूरवर संदेश पाठवण्याचा व्यवसाय उभारत होता. मात्र १९०१ च्या अटलांटिकपार प्रयोगात मार्कोनीने वापरलेल्या ग्राहकासारखी रचना बोस यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केली होती, हे संशोधकांनी पुढे दाखवून दिलं. नोबेल १९०९ मध्ये मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळालं. शोधातून पैसा करणं बोस यांना मान्य नव्हतं. स्नेह्यांच्या आग्रहाखातर घेतलेलं १९०४ चं अमेरिकन पेटंटही त्यांनी पुढे चालवलं नाही.

नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केलं. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. आज ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अतिवेगवान वायफाय चालतं.

आपला प्रश्न

बोस यांचे एक विद्यार्थी होते मेघनाद साहा. खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा, खालच्या मानलेल्या जातीतला मुलगा. कोलकात्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना आपल्या पंगतीत बसू दिलं नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या तापमानाचा उलगडा करणारं समीकरण जगाला दिलं. एका वर्गात दार उघडलं आणि एक शास्त्रज्ञ मिळाला. बंद राहिलेल्या दारांमुळे किती गमावले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

म्हणून केवळ मोबाईल वापरणारे होऊन थांबू नका. विहाराच्या अभ्यासिकेत एखाद्या रविवारी प्रत्येकी ७५ सेंटीमीटरच्या दोन तांब्याच्या तारा घ्या. १०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एफएम रेडिओची ती निम्म्या तरंगलांबीची अँटेना. रेडिओला जोडा, उभी धरा, आडवी धरा, दिशा बदला, फरक ऐका. आणि वस्तीतल्या, कोळीवाड्यातल्या मुलामुलींना त्या दिवशी सोबत बसवा.