यंत्रातला कलावंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ सालापासून मोटारींची चोवीस तासांची शर्यत भरत आली आहे. तिथे नुसता वेग कामाचा नाही. इंजिन शेवटपर्यंत टिकावे लागते. हे वाचताना मला आमच्या साखऱ्याची विहीर आठवली. एका रब्बीत, ऐन पाण्याच्या पाळीला, आमचे ऑइल इंजिन मध्यरात्री बंद पडले. चूक आमचीच, डिझेल न गाळता ओतले होते. पण दुरुस्तीत आठ दिवस गेले, गव्हाचा एक पट्टा वाळला आणि यंत्राच्या भरवशाचे मोल मला कळले. हा भरवसा मराठी मुलखात ज्यांनी रुजवला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण म्हणूनच करावेसे वाटते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले आणि ते स्वप्न मोडले. आपल्यासारखा एखादा खचला असता. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

पुढे बेळगावात भावासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. शर्यतीच्या मोटारीजवळ कारागिरांचा ताफा उभा असतो. विहिरीवरच्या इंजिनाजवळ रात्री एकटा शेतकरी कंदील घेऊन बसलेला असतो. म्हणून ते धिम्या, एकसारख्या गतीचे, जड चाकाचे आणि उघडून दुरुस्त करता येईल असे साधे असावे लागते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. रंगांनी दगा दिला, तरी त्यांनी रेषेची साथ सोडली नाही. कलाशाखेत शिकताना भविष्याची धास्ती वाटली, की मला त्यांचा तो निवडुंगाचा माळ आठवतो.