पॉल रॉबसन : गुलामांच्या गाण्यांना रंगमंच देणारा गायक

पॉल रॉबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन येथे झाला. त्यांचे वडील विल्यम हे जन्माने गुलाम होते. वयाच्या १५ व्या वर्षी ते नॉर्थ कॅरोलायनातील मळ्यातून पळाले, पुढे उच्च शिक्षण घेऊन धर्मोपदेशक झाले. आई शिक्षिका होती. पॉल सहा वर्षांचेही नव्हते तेव्हा घरात भाजून तिचा मृत्यू झाला. मातृहीन मुलाला वडिलांनी दोन गोष्टी दिल्या : अभ्यासाची शिस्त आणि प्रार्थनामंदिरातील सामूहिक गायन. मळ्यावर राबणाऱ्या गुलामांनी रचलेली, स्पिरिच्युअल्स या नावाने ओळखली जाणारी भक्तिगीते पॉल यांच्या कानांवर बालपणीच पडली. या गीतांत वरवर देवाची आळवणी असे; आत मुक्तीची तळमळ दडलेली असे.

१९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून ते रटगर्स महाविद्यालयात दाखल झाले. फुटबॉलच्या सरावात संघातील गोऱ्या मुलांनी त्यांना जखमी केले. तरीही ते मैदानावर परतले आणि देशातील सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले. १९१९ मध्ये पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान गुणवत्तेमुळे त्यांच्याकडे आला. त्यानंतर त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पदवी मिळाली, पण वर्णभेद संपला नाही. वकिली कचेरीतील गोऱ्या लघुलेखिकेने कृष्णवर्णीय माणसाने सांगितलेला मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला आणि रॉबसन यांनी तो व्यवसाय सोडला.

१९२४ मध्ये यूजीन ओनील यांच्या नाटकांतील भूमिकांनी ते नट म्हणून प्रसिद्धीस आले. १९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे, लॉरेन्स ब्राउन यांच्या पियानोच्या साथीने, त्यांनी केवळ कृष्णवर्णीयांच्या गीतांची पूर्ण मैफल केली. ही गाणी मैफलीच्या शेवटी तोंडी लावण्यापुरती गायची, असा तोवरचा रिवाज होता. ज्या गीतांची कृष्णवर्णीयांतील काही सुशिक्षितांनाही लाज वाटे, ती त्यांनी अभिजात संगीताच्या शेजारी सन्मानाने बसवली.

त्यांचा आवाज खर्जातला, भरदार आणि संथ होता. त्यात नटाची समज मिसळली असल्याने प्रत्येक गीत एखाद्या पात्राच्या मुखातून आल्यासारखे वाटे. १९२८ मध्ये लंडनला शो बोट या संगीत नाटकात मिसिसिपी नदीवर राबणाऱ्या हमालाचे गीत त्यांनी गायले आणि ते त्यांची ओळखच बनले. मूळ गीतातला हमाल थकलेला, जगण्याला कंटाळलेला होता. पुढे मैफलींत रॉबसन यांनी त्याचे शब्द बदलले आणि तो हमाल अखेरपर्यंत झगडण्याचा निर्धार करू लागला. चाल तीच राहिली, पण करुणेच्या जागी स्वाभिमान आला.

लंडनमध्ये त्यांनी आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. रशियन, चिनी, यिडिश अशा अनेक भाषांत ते गाऊ लागले. आपल्या भूप रागाप्रमाणे पाचच स्वरांवर उभ्या असलेल्या चाली निरनिराळ्या देशांच्या लोकसंगीतात आढळतात, याचे त्यांना मोठे कुतूहल होते. त्यातूनच सामान्य माणसांच्या एकत्वावरचा त्यांचा विश्वास दृढ झाला. वेल्समधील बेकार खाणकामगारांशी त्यांचे जन्माचे नाते जडले. १९३८ मध्ये यादवी युद्धाने पोळलेल्या स्पेनमध्ये जाऊन ते सैनिकांसमोर गायले. १९४३ साली ब्रॉडवेवर त्यांनी साकारलेल्या ऑथेल्लोचे २९६ प्रयोग झाले.

महायुद्धानंतर वारे फिरले. वर्णद्वेषावरील उघड टीका आणि सोव्हिएत रशियाविषयीची आस्था यांमुळे ते सरकारच्या रोषास पात्र ठरले. १९४९ मध्ये मॉस्को येथे, ज्यूंवर संकट ओढवले असताना, त्यांनी ज्यू बंडखोरांचे गीत यिडिशमध्ये गायले. मात्र तेथील दडपशाहीविरुद्ध ते जाहीरपणे बोलले नाहीत. हा दोष त्यांच्या चाहत्यांनाही सलतो आणि तो झाकण्याचे कारण नाही. त्याच वर्षी पीकस्किल येथे त्यांच्या मैफलीस आलेल्या श्रोत्यांवर जमावाने हल्ले केले. १९५० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द झाले आणि देशातील सभागृहांची दारेही बंद झाली.

तरी गाणे थांबले नाही. १९५२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर एका मालमोटारीवर उभे राहून ते पलीकडच्या हजारो श्रोत्यांसाठी गायले. १९५७ मध्ये समुद्राखालून जाणाऱ्या दूरध्वनीच्या तारेवरून त्यांचा आवाज वेल्सच्या खाणकामगारांच्या उत्सवात पोहोचला. १९५८ मध्ये त्यांची साठावी जयंती भारतातही साजरी झाली. पंडित नेहरूंनी तिला पाठिंबा दिला होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे त्यांना पारपत्र परत मिळाले. १९६० मध्ये ते सिडनीत ऑपेरा हाऊस बांधणाऱ्या मजुरांसमोर, अर्धवट इमारतीच्या सांगाड्यात गायले. ज्या वास्तूत पुढे श्रीमंत रसिक बसणार होते, तिथले पहिले श्रोते अशा रीतीने मजूर ठरले. कोलंबियात शिकताना भूपेन हजारिका त्यांच्या सहवासात आले आणि मिसिसिपीच्या त्या गीताची प्रेरणा ब्रह्मपुत्रेच्या काठी पोहोचली.

अखेरची वर्षे आजारपणात आणि एकांतात गेली. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले.

आंबेडकरी जलशांनी गावोगावी जे कार्य केले, त्याच जातीचे कार्य रॉबसन यांनी दूरदेशी केले. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी ओव्या, भलरी, भजने आणि जलशाची गाणी आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. शहरी शिक्षणाच्या ओघात त्यांची लाज वाटू लागण्याचा धोका असतो. सुट्टीत घरी गेल्यावर मुलांनी ती ऐकावीत, वहीत उतरवावीत आणि स्नेहसंमेलनाच्या मंचावर ताठ मानेने गावीत. पॉल रॉबसन यांचे याहून उचित स्मरण दुसरे नाही.