सावित्रीबाई फुले : जीवनानुभव आणि काव्यप्रेरणा

पुण्यात स्वारगेटच्या चौकातून उत्तरेकडे जुन्या पेठांत शिरले की गंज पेठ लागते. तिचे आजचे नाव महात्मा फुले पेठ. या पेठेतील फुलेवाड्याचा उल्लेख बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासात होतो. मराठी कवितेच्या इतिहासात तो क्वचितच येतो. आधुनिक मराठी कवितेचा प्रारंभ १८८५ च्या सुमारास, केशवसुतांपासून मानण्याची प्रथा रूढ आहे. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह मात्र १८५४ सालचा आहे. तेव्हा केशवसुतांच्या जन्मालाही बारा वर्षांचा अवकाश होता. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आणि त्यानंतर या कवितेचा एकत्रित विचार करणे शक्य झाले. तरीही तिच्याकडे कार्याचा पुरावा म्हणून पाहण्याची सवय सुटलेली नाही. जीवनानुभव ही कवितेची प्रेरणा असते, हे विधान सावित्रीबाईंच्या बाबतीत इतके उघड वाटते की ते तपासण्याची गरजच कोणास भासत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० मध्ये त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला आणि शिक्षणाला आरंभ झाला तो सासरी, पतीच्या हाताखाली. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढच्याच वर्षी या कार्यापायी उभयतांना गोविंदरावांचे घर सोडावे लागले. गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. ‘काव्यफुले’ प्रसिद्ध झाला तेव्हा सावित्रीबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल फेकला जाई, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती आपल्यापर्यंत मुख्यतः इतरांच्या आठवणींतून आली आहे. ‘काव्यफुले’मध्ये या छळाचे गाऱ्हाणे शोधू जाणाऱ्या अभ्यासकाची निराशा होते. तेथे आढळतात पिवळा चाफा, जाईचे फूल, फुलपाखरू आणि कळी. शिवाय अज्ञान, शूद्रांचे दुखणे, इंग्रजी शिक्षणाची महती. व्यक्तिगत सूर उमटतो तो जन्मभूमीच्या आणि जोतीरावांच्या कवितांत, पण तोही कृतज्ञतेचा. अपमानाचा अनुभव येथे आत्मकथनाच्या रूपाने येत नाही. शिक्षिकेच्या बोलण्यात जसा येईल तसा, समोरच्यांना उद्देशून येतो.

फुलांच्या कवितांना निसर्गकविता म्हणून बाजूला ठेवणे मात्र योग्य होणार नाही. फुले हे आडनावच या घराण्याला फुलांच्या व्यवसायातून मिळालेले. अशा घरात फूल ही खुडण्याची, गुंफण्याची आणि विकण्याची वस्तू असते. सकाळी तिला मोल असते, सायंकाळी नसते. हुंगून झाल्यावर टाकून दिलेले जाईचे फूल, मध घेऊन निघून जाणारे फुलपाखरू या कल्पनांमागे ही व्यवहाराची जाण आहे. या कवितांवरून वाचकाला सहजच फुलेदांपत्याने काढलेले बालहत्याप्रतिबंधक गृह आठवते आणि फसवल्या गेलेल्या विधवांच्या दर्शनातून त्या लिहिल्या गेल्या असे म्हणण्याचा मोह होतो. कालक्रम याच्या विरुद्ध आहे. ते गृह १८६३ मध्ये निघाले, कविता त्याआधी नऊ वर्षांची. टाकून दिलेल्या स्त्रीचे दुःख सावित्रीबाईंना कवितेत आधी जाणवले. त्या दुःखासाठी घराचे दार उघडण्याची कृती नंतरची आहे. काव्यप्रेरणेच्या चर्चेत हा क्रम महत्त्वाचा मानला पाहिजे.

‘नवस’ ही कवितादेखील याच दृष्टीने वाचावी लागते. दगडधोंडे मुले देत असतील तर माणसे लग्न कशाला करतात, असा तिचा रोकडा युक्तिवाद आहे. वरवर पाहता हे अंधश्रद्धेचे खंडन. पण लग्नाला चौदा वर्षे होऊनही मूल नसलेल्या स्त्रीने ते केले आहे. नवस करण्याचा आग्रह अशा स्त्रीला त्या काळात ऐकावा लागला नसेल, असे मानणे कठीण. कविता मात्र स्वतःविषयी अवाक्षरही काढत नाही. पुढे १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतला.

पहिल्या संग्रहानंतर दुसरा येण्यास अडतीस वर्षे लागली. मधल्या काळातील त्यांचे मन जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांतून कळते. १८५६ चे पत्र नायगावहून आजारपणात लिहिलेले, १८७७ चे दुष्काळात जुन्नरकडून. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. या वर्षांत कविता मागे पडली असे म्हणून हळहळण्याचे कारण नाही. तिचा विषय हातात आला होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या हक्कावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः ते घेऊन पुढे चालल्या. ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ हे बावन्न कडव्यांचे काव्य त्यानंतरचे. ते १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पतिनिधनानंतर लिहिलेल्या काव्यात वाचक विलापाची अपेक्षा करतो. येथे पेशवाई येते, इंग्रजी राजवट येते आणि त्या पार्श्वभूमीवर जोतीरावांचे चरित्र उभे राहते. रचनेच्या दृष्टीने ते पहिल्या संग्रहाइतके विविध नाही, हे मान्य केले पाहिजे. पण वैधव्याच्या अनुभवाला इतिहासकथनाचे रूप देणारी ही रचना त्या काळातील स्त्रीच्या लेखनात अपवादात्मक ठरते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. यशवंतरावांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णालय उघडले होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.