स्मृतीचा अभ्यासक : हेर्मान एबिंगहाऊस

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाचा तास संपला की वहीत शब्द असत आणि डोक्यात काही नसे. आपल्याला स्मरणशक्तीच नाही, असे ठरवून दिवाळीनंतर शिक्षण सोडण्याचा विचार मी केला होता. त्याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला बाईंनी एबिंगहाऊस यांचे नाव घेतले.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी जर्मनीतील बार्मेन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. सतराव्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. मध्येच १८७० चे फ्रान्सशी युद्ध आले व त्यांना सैन्यात जावे लागले. तरीही १८७३ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढे इंग्लंड-फ्रान्समध्ये शिकवण्या करीत ते दिवस काढीत होते. त्या काळात फेखनर यांचा संवेदनांच्या मोजमापावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला. संवेदना मोजता येते, तर स्मृती का नाही, या विचाराने त्यांना झपाटले.

प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हता. १८७९ पासून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. पूर्वीच्या ज्ञानाची मदत होऊ नये म्हणून सुमारे २३०० निरर्थक अक्षरे जुळवली आणि ठराविक गतीने ती पाठ केली. एका वाचनात जेमतेम सात अक्षरे ध्यानात राहत. बारा पाठ करायला मात्र सोळा-सतरा वाचने लागत. पाठ केलेलेही झपाट्याने विरत असे. पुन्हा पाठ करताना वाचणाऱ्या श्रमावरून त्यांनी विस्मरण मोजले. एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश, तर महिन्यानंतर एक पंचमांश बचत उरे.

मग त्यांनी बायरनच्या काव्यातील कडवी घेतली. सुमारे ऐंशी अक्षरांचे कडवे आठ-नऊ वाचनांत पाठ झाले. तेवढ्याच निरर्थक अक्षरांना सत्तर-ऐंशी वाचने लागली असती. अर्थ, लय आणि ओळखीची भाषा यांनी श्रम जवळजवळ दहापटीने कमी केले होते!

येथे मला माझी आजी आठवली. ती निरक्षर आहे. पण लग्नघरी एकदा ऐकलेली ओवी दुसऱ्या दिवशी बिनचूक म्हणते. ओवीचा साचा तिच्या मनात आधीच तयार असतो. नवे शब्द त्यात जाऊन बसतात. माझ्याजवळ मात्र तत्त्वज्ञानाचा साचाच नव्हता. सरांचे शब्द माझ्यापुरते निरर्थक अक्षरेच होते. सात झाली की आठवे सांडत होते.

एबिंगहाऊस यांचा स्मृतीवरील ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बर्लिन, ब्रेस्लाऊ व हाले येथे त्यांनी अध्यापन केले आणि २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. एकाच माणसावरचे हे प्रयोग. पण पुढील संशोधनाला त्यांनी वाट करून दिली.

मी कॉलेज सोडले नाही. आता तासाआधी धडा वाचून जाते आणि त्याच रात्री पुन्हा उजळणी करते. विसरते आजही, पण त्याला मंदबुद्धी म्हणत नाही. मित्रमैत्रिणींनो, मागच्या बाकावर गप्प बसलेला आपला सोबती कदाचित ‘ढ’ नसेल. त्याला फक्त पहिली ओळख हवी असेल.

— द्वितीय वर्ष, कला