आंजेलो द फोन्सेका : साडीतील मरीयेचे चित्रकार

प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट करताना आपण ज्या चित्रांपुढे गुडघे टेकतो, त्यांतील प्रभू येशू आणि पवित्र मरीया बहुधा युरोपीय चेहऱ्याचीच असतात. त्यांना आपल्या मातीचे रूप देणारे गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना त्यापायी जन्मभूमी सोडावी लागली.

१९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह बेटावर त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, तेथील पाश्चात्त्य वळण न रुचल्याने शांतिनिकेतनास जाऊन अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे भारतीय चित्रपरंपरा शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मरीया साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची रंगवली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील अनेक कॅथलिकांना हा अनादर वाटला. अखेर ते पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. हा आश्रम अँग्लिकन बंधूंचा होता. कॅथलिक चित्रकाराला आसरा त्यांनी दिला, हे आपण विसरू नये. येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनीही त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे त्यांच्या मरीयेच्या मुखावर पत्नी आयव्ही यांच्या चेहऱ्याची छाया दिसू लागली.

नवल असे की, ज्या गोव्याला हे रंग खपले नाहीत, तेथीलच चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ संगीत गाजवले. ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजविणारे हळदोण्याचे चिक चॉकलेट त्यांपैकीच. मात्र हे सूर वेदीपासून दूरच राहिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला व संगीताला योग्य मान दिला. फोन्सेका यांना त्यानंतर चारच वर्षे लाभली. २८ डिसेंबर १९६७ रोजी ते निवर्तले. चिक चॉकलेट यांचेही निधन त्याच वर्षी झाले. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, हार्लेममध्ये, मेरी लू विल्यम्स यांनी खास प्रायश्चित्तकाळासाठी रचलेली जॅझ मिस्सा सादर झाली. या पियानोवादिकेने १९५७ साली कॅथलिक बाप्तिस्मा घेतला होता. आपल्या लोकांचे दुःख आपल्याच सुरांत प्रभूपुढे ठेवावे, ही त्यांची धडपड फोन्सेका यांच्या रंगांशी नाते सांगते.

ऊर्जानगरच्या वसाहतीत वीज केंद्रामुळे ठिकठिकाणची कुटुंबे एकत्र आली आहेत; प्रत्येकाची प्रार्थनेची चाल वेगळी. शुक्रवारची क्रुसाची वाट आटोपल्यावर फोन्सेका यांचे एखादे चित्र समोर ठेवून विल्यम्स यांचे संगीत ऐकण्यास काय हरकत आहे? मिस्सेत नव्हे, मिस्सेबाहेरच्या चिंतनात. ज्येष्ठांना ढोलाचा ठेका प्रथम खटकेल, हे खरे. साडीतील मरीयाही एके काळी अशीच खटकली होती. फोन्सेका यांची बरीच चित्रे आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेली आहेत.