तिरक्या शाफ्टवर उपाय शोधणारा अभियंता

जुना लेथ किंवा ड्रिलिंग मशीन पुन्हा चालू करायला घेतले की सर्वात आधी प्रश्न उभा राहतो तो बेअरिंगचा. यंत्र बनविणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली असते, पुस्तिका हरवलेली असते. तरीही गंज पुसल्यावर बेअरिंगच्या कडीवर १२०५ असा क्रमांक दिसला, तर तेवढ्यावर बाजारात नवे बेअरिंग मिळू शकते. १२ या आकड्यांवरून प्रकार कळतो. ०५ ला पाचाने गुणले की आतील व्यास २५ मिलिमीटर हे समजते. या १२ मालिकेतील बेअरिंगचे मूळ एका स्वीडिश अभियंत्याच्या कामात आहे. त्यांचे नाव स्वेन विंगक्विस्ट.

विंगक्विस्ट यांचा जन्म १० डिसेंबर १८७६ रोजी स्वीडनमध्ये झाला. ओरेब्रो येथे तांत्रिक शिक्षण आणि पुढे वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते गोथेनबर्ग शहरातील एका कापड गिरणीत अभियंता म्हणून रुजू झाले. यंत्रे अखंड चालती ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती आणि नेमके तेच कठीण होते.

त्या काळी गिरणीतील यंत्रे छताजवळून जाणाऱ्या लांबलचक शाफ्टवरून, पट्ट्यांच्या साहाय्याने चालत. गिरणीची इमारत मात्र चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन खचे, तसा शाफ्ट रेषेतून किंचित सरके. त्या काळच्या ताठर बेअरिंगना हा तिरकेपणा सोसत नसे. छऱ्यांवर एका बाजूने भार येऊन ती तापत आणि फुटत. बदली बेअरिंग परदेशातून मागवावी लागत आणि ती हाती पडेपर्यंत शाफ्टवरील यंत्रांचा खोळंबा होई.

बदली बेअरिंग मागवत राहण्यापेक्षा दोषाच्या मुळाशी जाण्याचे विंगक्विस्ट यांनी ठरविले. जमीन स्थिर करणे त्यांच्या हाती नव्हते. बेअरिंगची रचना बदलणे मात्र शक्य होते. १९०७ मध्ये त्यांनी छऱ्यांच्या दोन ओळी असलेले, आपोआप जुळवून घेणारे बेअरिंग सिद्ध केले. त्याच्या बाहेरील कडीची आतली बाजू गोलाकाराचा भाग असल्यासारखी घडविलेली होती. त्यामुळे शाफ्ट थोडा कलला तरी आतील कडी व छरे त्याच्याबरोबर कलत आणि फिरणे सुरळीत राही.

गिरणीच्या मालकांनी या शोधाला पाठबळ दिले आणि १९०७ मध्येच एसकेएफ ही कंपनी स्थापन झाली. तीस वर्षांचे विंगक्विस्ट तिचे प्रमुख झाले. ग्राहक मिळविण्यासाठी त्यांनी प्रवास केले. १९११ मध्ये इंग्लंडमधील ल्युटन येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला. बेअरिंगचा दर्जा अखेर पोलादावर अवलंबून असतो, हे ओळखून कंपनीने १९१६ मध्ये हॉफोर्सचा पोलाद कारखाना ताब्यात घेतला. १९१९ पर्यंत विंगक्विस्ट यांनी कंपनीची धुरा सांभाळली. व्होल्वो ही मोटार कंपनीही एसकेएफच्याच छत्राखाली आकाराला आली. तिची पहिली मोटार १९२७ मध्ये रस्त्यावर आली. १९६०च्या दशकात पुण्याजवळील चिंचवड येथेही एसकेएफचे बेअरिंग तयार होऊ लागले. ते पाहण्यास विंगक्विस्ट हयात नव्हते. १७ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले होते.

बेअरिंगची मापे व क्रमांक जगभर एकसारखे होण्याचे श्रेय अनेकांचे आहे. त्यामुळेच क्रमांक झिजून गेला असला, तरी व्हर्नियरने आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी मोजून जोड शोधता येते. १२०५ साठी ही मापे २५, ५२ आणि १५ मिलिमीटर अशी आहेत. इंची मापाच्या फार जुन्या यंत्रांना मात्र अधिक शोधाशोध करावी लागते. एकेकाळी बदली बेअरिंगसाठी अडून राहिलेल्या गिरणीत जन्मलेली ही रचना आज कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळच्या दुकानात केवळ क्रमांक सांगून मागता येते.